कर्नलच्या नेटवर्किंग कोडमधील यूज-आफ्टर-फ्री बग कसा दुरुस्त करावा: नवोदितांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ऐरोली, महापे, घणसोली किंवा ठाण्यातील वागळे इस्टेट या भागांतील एखाद्या कंपनीत राउटर, फायरवॉल अथवा टेलिकॉमच्या उत्पादनावर काम करणाऱ्या गटात तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर आज ना उद्या लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, एक लांबलचक अहवाल तुमच्याकडे येईल आणि त्याच्या पहिल्याच ओळीत ‘स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री’ (परत केलेल्या मेमरीचा वापर) असे लिहिलेले असेल. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात पॉइंटर शिकवले जातात, मेमरी मागून घेणे आणि परत करणेही शिकवले जाते. मात्र एकाच ऑब्जेक्टला चार सीपीयूंवरून एकाच वेळी हात लागत असताना तो नेमका कधी परत करायचा, हे तिथे कोणी सांगत नाही. मला हे काम करता करता शिकावे लागले, आणि त्यात जो वेळ चुकीच्या दिशेने गेला तो तुमचा जाऊ नये, म्हणून हा लेख.

एक सूचना आधीच देतो. फंक्शनांची आणि कॉन्फिग पर्यायांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागी अंडरस्कोर असतो.

बगचे स्वरूप असे. घणसोलीत अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली खोली तुम्ही सोडली, घरमालकाने ती दुसऱ्याला दिली, पण एखाद्या दुकानात तुमचा जुना पत्ता तसाच नोंदलेला राहिला, तर तुमचे पार्सल आता त्या खोलीत जो कोणी राहत असेल त्याच्या हाती पडेल. परत केलेल्या मेमरीचा पत्ता जपून ठेवणारा पॉइंटर हेच करतो. त्या जागी काहीच आले नसेल तर कोड निमूट चालत राहतो, दुसरा ऑब्जेक्ट आला असेल तर त्याची नासधूस होते, आणि हल्लेखोराने तिथे आपल्याला हवा तसा मजकूर आणून ठेवला असेल तर मशीनचा ताबा जाऊ शकतो.

म्हणून या कामात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच प्रश्न धरून ठेवा: या ऑब्जेक्टची मालकी या क्षणी कोणाकडे आहे? ज्या ओळीवर कर्नल कोसळला ती ओळ बहुतेक वेळा निर्दोष असते.

१. लागणारी साधने जमवा

पुढील गोष्टी हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका.

- लिनक्स चालणारा संगणक. १६ जीबी रॅम असेल तर काम सुखाचे होते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे याची खात्री करा, नाहीतर पुढची प्रत्येक चाचणी असह्य संथ होईल.
- कर्नलचा संपूर्ण इतिहासासह गिट क्लोन. दुरुस्तीसाठी ‘नेट’ ही शाखा घ्यायची. ‘नेट-नेक्स्ट’ ही नव्या सुविधांसाठी असते.
- आभासी मशीन चालवणारे क्यूएमू, आणि शक्य असल्यास व्हर्टमी-एनजी. नुकताच बिल्ड केलेला कर्नल तुमच्याच फाइलसिस्टिमसह काही सेकंदांत बूट करून देणारे हे दुसरे साधन आहे.
- कंपायलर म्हणून जीसीसी किंवा क्लँग, स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारे पाहोल, पॅच ईमेलने पाठवणारे गिट सेंड-ईमेल.
- घडलेल्या बगचा पूर्ण अहवाल आणि तो ज्या कर्नलवर घडला त्याची कॉन्फिग फाइल. चॅटवर आलेला अर्ध्या स्क्रीनचा फोटो चालत नाही. सिरियल कन्सोलचा संपूर्ण लॉग मागून घ्या.

पीजीच्या खोलीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणारे अनेक जण डेटा वाचवण्यासाठी इतिहास वगळून क्लोन घेतात. तसे करू नका. चूक कोणत्या कमिटमध्ये शिरली हे पुढे शोधावे लागते आणि इतिहासाविना ते शक्य नसते. कार्यालयातील चांगल्या जोडणीवरून एकदाच पूर्ण क्लोन घेऊन ठेवा.

२. केसॅन चालू करून कर्नल बिल्ड करा

केसॅन, म्हणजे कर्नल ॲड्रेस सॅनिटायझर, हे या कामातले मुख्य शस्त्र आहे. २०१५ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून ते कर्नलमध्ये आहे. त्याचा जेनेरिक प्रकार मेमरीच्या प्रत्येक ८ बाइटांमागे १ बाइटाची ‘शॅडो’ नोंद ठेवतो आणि प्रत्येक वाचन-लेखनापूर्वी ती नोंद तपासतो. परत केलेले ऑब्जेक्ट तो लगेच दुसऱ्याला न देता काही काळ क्वारंटाइनमध्ये ठेवतो, त्यामुळे जुन्या पत्त्यावर झालेला स्पर्श पकडला जातो. मात्र क्वारंटाइनला मर्यादा असते. ऑब्जेक्ट तिथून बाहेर पडून पुन्हा वापरात आल्यावर झालेला स्पर्श केसॅनला दिसत नाही, म्हणून अहवाल आला नाही याचा अर्थ बग नाही असा घेऊ नये.

‘कॉन्फिग केसॅन’सोबत डीबग माहिती, ‘प्रूव्ह लॉकिंग’, ‘प्रूव्ह आरसीयू’ (आरसीयू म्हणजे लॉकशिवाय वाचू देणारी आणि चालू वाचक संपेपर्यंत मेमरी परत न करणारी कर्नलची पद्धत) आणि टायमरसाठी ‘डीबग ऑब्जेक्ट्स’ हे पर्यायही चालू करा. नेटवर्क डिव्हाइसचे रेफरन्स, म्हणजे ‘हा ऑब्जेक्ट मी वापरत आहे’ अशा मोजलेल्या नोंदी, हरवत असल्याची शंका असेल, तर ५.१७ पासून उपलब्ध असलेला रेफरन्स ट्रॅकर जोडा. कोणी रेफरन्स घेतला आणि परत केला नाही हे तो नावानिशी सांगतो. कर्नल बराच संथ होईल, ते अपेक्षितच आहे.

३. अहवाल घाई न करता वाचा

नवोदितांचा सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो, कारण ते पहिला स्टॅक (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांची यादी) वाचतात आणि थेट कोड बदलायला बसतात. केसॅनच्या अहवालात तीन स्टॅक असतात: ऑब्जेक्टला चुकीचा स्पर्श कोणी केला, त्याची मेमरी कोणी मागितली होती आणि ती कोणी परत केली. बगचे कारण सहसा पहिल्या आणि तिसऱ्या स्टॅकच्या नात्यात दडलेले असते. ते दोन्ही कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि कोणता सॉफ्टइंटरप्टमध्ये (इंटरप्टनंतर लगेच होणारे, झोपता न येणारे काम) चालला, कोणता सिस्टिम कॉलमधून आला, कोणता वर्कक्यूमधून (पुढे ढकललेल्या कामांची रांग), हे प्रत्येकापुढे नोंदवा.

नुसते पत्ते पाहून काही कळत नाही. कर्नलच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधील ‘डिकोड स्टॅकट्रेस’ ही स्क्रिप्ट लॉगवर चालवली की प्रत्येक पायरीपुढे फाइल आणि ओळ क्रमांक येतो. त्यासाठी तोच बिल्ड लागतो. दुसऱ्या बिल्डची व्हीएमलिनक्स (बिल्ड झालेल्या कर्नलची) फाइल दिली तर स्क्रिप्ट तक्रार न करता चुकीच्या ओळी दाखवेल. ज्या नावांपुढे प्रश्नचिन्ह असते त्यांवर विसंबू नका, त्या स्टॅकवर उरलेल्या जुन्या नोंदी असू शकतात.

त्यानंतर ‘मोकळ्या केलेल्या १०२४ बाइटांच्या जागेत ८० बाइट आत’ अशा अर्थाची ओळ शोधा. तो आकडा पाहोलला विचारला, की स्ट्रक्चरमधील नेमका कोणता घटक वाचला जात होता ते कळते. टायमरचा घटक असेल तर एक दिशा मिळते, लिस्टचा दुवा असेल तर दुसरी.

मेमरी परत करणाऱ्या स्टॅकमध्ये केवळ ‘आरसीयू कोअर’ दिसत असेल, तर परत करण्याचा निर्णय आधीच कोणीतरी घेतलेला असतो आणि इथे फक्त त्याची अंमलबजावणी झालेली असते. अशा वेळी अहवालात पुढे येणारा, संभाव्य संबंधित काम कोणी नोंदवले हे सांगणारा विभाग वाचा. खरा निर्णय घेणारा तिथे सापडतो.

केसॅन बंद असलेल्या मशीनवरून लॉग आला असेल आणि त्यातील रजिस्टरांमध्ये ‘६बी६बी६बी६बी’ असा पुनरावृत्त हेक्साडेसिमल आकडा दिसत असेल, तर तीही मोकळ्या मेमरीचीच खूण आहे. स्लॅब, म्हणजे कर्नलमधील मेमरी वाटणारा भाग, याचे डीबग चालू असताना परत केलेली जागा याच मूल्याने भरली जाते. आणखी एक गोष्ट: केसॅन एरवी फक्त पहिलाच अहवाल देतो. पुढचेही हवे असतील तर बूट करताना ‘केसॅन मल्टी शॉट’ हा पर्याय द्यावा लागतो, परंतु निदान नेहमी पहिल्या अहवालावरूनच करावे.

४. बग पुन्हा घडवून आणा

सिझबॉट ही गूगलची स्वयंचलित यंत्रणा २०१७ पासून कर्नलमधील बग शोधून जाहीर करत आली आहे. अहवाल तिचा असेल तर त्यासोबत कॉन्फिग फाइल आणि अनेकदा बग घडवणारा सी प्रोग्रामही मिळतो. तसे नसेल तर तुम्हाला स्वतः रचना करावी लागेल: एका शेलमध्ये नेटवर्क नेमस्पेस (इंटरफेस आणि रूट वेगळे असलेले स्वतंत्र नेटवर्क) तयार करून पाडत राहा, दुसऱ्यात त्याच इंटरफेसवरून पॅकेट पाठवत राहा. क्यूएमूला किमान दोन, शक्यतो चार सीपीयू द्या, कारण दोन बाजूंची शर्यत एका सीपीयूवर क्वचितच घडते.

शर्यतीची फट काही नॅनोसेकंदांचीच असेल, तर संशयित जागी तात्पुरता ‘एमडिले’ (न झोपता वेळ काढणारे फंक्शन) घालून ती रुंद करा. तिथे ‘एमस्लीप’ वापरू नका. सॉफ्टइंटरप्टमध्ये झोपायला परवानगी नसते आणि मूळ बग बाजूला राहून नवाच अहवाल येईल. ही युक्ती म्हणजे तुमच्या अनुमानाची परीक्षाही आहे: दोन ठराविक ओळींच्या मध्ये विलंब घातल्यावर बग दर वेळी घडू लागला, तर कारण तुम्हाला समजले आहे.

५. मालकी कुठे हरवली ते शोधा

नेटवर्किंगमधील या प्रकारचे बग मोजक्या कुळांतले असतात, आणि कुळ ओळखले की उपाय जवळ येतो.

पहिले कुळ पॅकेटच्या हस्तांतराचे. पॅकेटचा बफर, म्हणजे एसकेबी, ‘नेटिफ आरएक्स’ किंवा ‘डेव्ह क्यू एक्समिट’ला दिला की त्याची मालकी संपते. त्यानंतर आकडेवारीसाठी त्याची लांबी वाचणारी एक ओळ ड्रायव्हरमध्ये राहून जाते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. उपाय साधा आहे: लांबी आधीच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावी.

दुसरे कुळ शिळ्या हेडर पॉइंटरचे. आयपी हेडरचा पॉइंटर घेतला, मग ‘पीएसकेबी मे पुल’ बोलावले, आणि त्यानंतर जुनाच पॉइंटर वापरला. हे फंक्शन गरज पडल्यास एसकेबीचा डेटा नव्या जागी हलवते आणि जुनी जागा परत करते. मेमरी परत करणाऱ्या स्टॅकमध्ये ‘पीएसकेबी एक्सपांड हेड’ दिसले की हे कुळ जवळजवळ निश्चित समजा आणि त्या हाकेनंतर पॉइंटर नव्याने घ्या.

तिसरे कुळ टायमर आणि वर्कचे, आणि माझ्या मते सर्वात फसवे. ऑब्जेक्ट परत करण्यापूर्वी त्याचा टायमर थांबवलाच पाहिजे, आणि तोही ‘सिंक’ असलेल्या फंक्शनने, जेणेकरून दुसऱ्या सीपीयूवर चालू असलेला हँडलर संपेपर्यंत वाट पाहिली जाईल. तरीही हँडलर स्वतःला किंवा दुसरा एखादा मार्ग त्याला पुन्हा सुरू करू शकत असेल, तर ६.२ पासून असलेले ‘टायमर शटडाउन सिंक’ वापरावे. मात्र जे लॉक हँडलरला हवे असते तेच हातात धरून हे फंक्शन बोलावले, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतील.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१६ साली फिलिप पेटरसन यांनी शोधलेला पॅकेट सॉकेटमधील बग, सीव्हीई-२०१६-८६५५ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक). एक थ्रेड रिंग (पॅकेटांसाठीचा सामायिक बफर) तयार करत असतानाच दुसऱ्याने सॉकेटची रिंग-आवृत्ती बदलली, तर तिसऱ्या आवृत्तीसाठी सुरू झालेला टायमर बंद करण्याचा मार्ग वगळला जाई. सॉकेट नाहीसे होई आणि टायमर मागे उरे. चूक २०११ पासून कोडमध्ये होती. ती टायमरच्या कोडमध्ये मुळीच नव्हती. दोन सेटिंगांच्या तपासणीवर सॉकेटचे लॉक नव्हते, एवढेच. पॅच त्या लॉकचाच होता.

चौथे कुळ हुकलेल्या रेफरन्सचे. आंद्रे कोनोवालोव्ह यांनी सिझकॉलर या बग शोधणाऱ्या साधनाच्या साहाय्याने शोधलेला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झालेला डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलमधील बग, सीव्हीई-२०१७-६०७४, इथे अभ्यासण्याजोगा आहे. जोडणीची विनंती घेऊन आलेला एसकेबी आयपीव्ही६च्या कोडने पुढील वापरासाठी रेफरन्स वाढवून जपून ठेवला होता, पण बोलावणाऱ्या फंक्शनने शेवटी तोच एसकेबी रेफरन्स न मोजता थेट नष्ट केला. दुरुस्ती काही ओळींचीच होती: त्या मार्गावर रेफरन्सचा मान राखणारे ‘कन्झ्यूम एसकेबी’ वापरणे. रेफरन्स घेणारा आणि सोडणारा यांनी एकच नियम पाळला पाहिजे. एकाने मोजणी केली आणि दुसऱ्याने केली नाही, तर मोजणी असूनही उपयोग नसतो.

पाचवे कुळ आरसीयूचे. वाचणारे ‘आरसीयू रीड लॉक’खाली सुरक्षित असतात, ते लॉक सोडेपर्यंतच. ‘रीड अनलॉक’नंतर पॉइंटर वापरायचा असेल तर त्याआधी रेफरन्स घ्यावा, आणि तो ‘रेफकाउंट इंक नॉट झिरो’ने, कारण लिस्टमध्ये दिसणारा ऑब्जेक्ट त्या क्षणी शून्यावर पोहोचलेला असू शकतो. लिहिणाऱ्या बाजूने ऑब्जेक्ट लिस्टमधून काढल्यावर साध्या ‘केफ्री’ऐवजी ‘केफ्री आरसीयू’ वापरावे. ‘सिंक्रोनाइझ आरसीयू’ वाट पाहत झोपते, म्हणून ते सॉफ्टइंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक धरून चालणार नाही. मॉड्यूल ‘कॉल आरसीयू’ वापरत असेल तर ते काढताना ‘आरसीयू बॅरियर’ हवे, नाहीतर कॉलबॅकचा कोडच नाहीसा झालेला असेल.

ड्रायव्हर काढताना ‘फ्री नेटडेव्ह’ आधी बोलावणे आणि खासगी डेटा नंतर वापरणे, ही उलटी क्रमवारीही वारंवार आढळते. ती वाचताच ध्यानात येते.

६. दुरुस्ती लहान आणि नेमकी लिहा

पॉइंटर नल आहे का हे तपासणारी ओळ घालून अहवाल नाहीसा झाला, तर समाधान मानू नका. परत केलेल्या मेमरीचा पॉइंटर स्वतःहून नल होत नाही, आणि तो नल करणारी ओळ घातली तरी ती एकाच प्रतीपुरती असते. दुसऱ्या सीपीयूने रजिस्टरमध्ये घेतलेली प्रत तशीच राहते. बऱ्याचदा त्या ओळीमुळे केवळ वेळेचे गणित बदलते आणि बग लपतो.

याच्या उलट चूकही तितकीच सामान्य आहे. भीतीपोटी जादा रेफरन्स घेतला आणि एखाद्या चुकीच्या मार्गावर तो सोडायचा राहिला, तर ऑब्जेक्ट कधीच परत होत नाही. नेमस्पेस बंद करताना ‘वेटिंग फॉर लो टू बिकम फ्री’ हा संदेश कन्सोलवर पुन्हा पुन्हा येऊ लागला, की असाच रेफरन्स कुठेतरी अडकला आहे असे समजावे. प्रत्येक ‘होल्ड’साठी त्याचा ‘पुट’ कोणत्या ओळीवर आहे हे, त्रुटीच्या मार्गांसह, लिहून काढा.

दुरुस्तीच्या पॅचमध्ये साफसफाई, नामांतर किंवा रचनाबदल मिसळू नका. हा पॅच जुन्या स्टेबल (मुख्यतः दुरुस्त्याच घेणाऱ्या) आवृत्त्यांमध्ये जाणार असतो, आणि तिथे तो जितका लहान तितका सहज बसतो.

७. दुरुस्तीची परीक्षा घ्या

जुन्या कर्नलवर बग जेवढ्या वेळात घडत होता त्याच्या कितीतरी पट अधिक वेळ तोच प्रोग्राम नव्या कर्नलवर चालू ठेवा. ‘एमडिले’ असताना आणि नसताना, दोन्ही प्रकारे. लॉकडेप (‘प्रूव्ह लॉकिंग’ने चालू होणारी लॉकांची तपासणी) चालूच हवे, कारण नवे लॉक घातल्यावर डेडलॉकचा धोका निर्माण होतो. मेमरी गळतीसाठी केमेमलीक वापरा आणि कर्नलच्याच नेटवर्किंग सेल्फटेस्टपैकी संबंधित चाचण्या चालवा. रात्रभराची चाचणी घरच्या डेस्कटॉपवर लावणार असाल तर लॉग सतत डिस्कवर उतरत राहील अशी व्यवस्था करा. पावसाळ्यात वीज गेली आणि लॉग फक्त टर्मिनलमध्ये होता, तर हाती काहीच उरणार नाही.

८. पाठवण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

साधा वापरकर्ता हा बग घडवू शकतो का, हे आधी ठरवा. अनेक डिस्ट्रिब्यूशनांवर कोणीही यूजर नेमस्पेस तयार करून त्यात नेटवर्कचे प्रशासकीय अधिकार मिळवू शकतो, त्यामुळे ‘याला रूट लागते’ हे उत्तर नेटवर्किंगमध्ये पुरेसे नसते. बग गंभीर असेल आणि अद्याप जाहीर नसेल, तर तो उघडपणे मांडण्याआधी संबंधित मेंटेनर (त्या भागाची देखभाल करणारे) आणि कर्नलचा सुरक्षा गट यांना कळवा. सिझबॉटचा अहवाल मुळातच जाहीर असतो, तिथे थेट पॅच पाठवावा.

दुसरी गोष्ट कंपनीची परवानगी. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ म्हणजे हा कोड देण्याचा अधिकार आपल्याला आहे असे तुमच्या नावाने दिलेले प्रमाणपत्र आहे. नोकरीत लिहिलेल्या कोडचा हक्क सहसा कंपनीचा असतो, म्हणून वरिष्ठांकडून लेखी होकार घ्या. कंपनीचा मेल सर्व्हर पत्राखाली गोपनीयतेचा मजकूर आपोआप जोडत असेल किंवा टॅबच्या जागी स्पेस घालत असेल, तर त्या पत्त्यावरून पॅच पाठवू नका. जीमेल वापरणार असाल तर द्विस्तरीय पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

९. पॅच लिहा आणि पाठवा

पॅचमधील कोड दोन ओळींचा असला तरी त्याचे वर्णन दोन परिच्छेदांचे असू शकते, आणि परीक्षण मुख्यतः त्याचेच होते. कोणत्या दोन मार्गांची शर्यत होते, ऑब्जेक्टची मालकी कोणत्या ओळीवर संपते, आणि तुमचा बदल ती कशी टिकवतो, हे क्रमाने लिहा. केसॅनचा अहवाल डिकोड करून, अनावश्यक ओळी काढून जोडा.

- विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसात ‘पॅच नेट’ असावे.
- ‘फिक्सेस’ टॅगमध्ये चूक आणणाऱ्या कमिटची किमान १२ अक्षरी ओळख आणि त्याचे शीर्षक द्यावे. ही ओळ मध्ये तोडू नये. गिट ब्लेम शेवटचा बदल दाखवते. तो केवळ ओळ हलवणारा असेल तर आणखी मागे जावे.
- पॅचची शैली तपासणारे ‘चेकपॅच’ चालवावे, आणि ‘गेट मेंटेनर’ सांगेल त्या सर्वांना प्रत जावी.
- स्थानिक व्हेरिएबलांच्या ओळी लांबीनुसार उतरत्या क्रमाने लावाव्यात. नेटवर्किंगच्या कोडमध्ये हा नियम कसोशीने पाळला जातो.

आक्षेप आला तर नवी आवृत्ती किमान २४ तासांनी आणि स्वतंत्र पत्र म्हणून पाठवा. काय बदलले ते तीन रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही. परीक्षकाने ‘हे लॉक इथे का पुरेसे आहे?’ असे विचारले, तर आवृत्ती बदलण्याआधी त्या प्रश्नाचे उत्तर द्या. अनेकदा त्या उत्तरातूनच दुसरी, अधिक योग्य जागा सापडते.

१०. स्वीकारानंतर

पॅच ‘नेट’मध्ये गेला की तो पुढे लायनस टॉरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत आणि नंतर स्टेबल आवृत्त्यांमध्ये जातो. नुसता ‘फिक्सेस’ टॅग आहे म्हणून तो स्टेबलमध्ये जाईलच याची हमी नसते. त्यासाठी स्टेबलच्या पत्त्याचा ‘सीसी’ टॅग पॅचमध्येच घालावा. सीव्हीई क्रमांकासाठी धावपळ करण्याची गरज नाही, कारण फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच हे क्रमांक देतो आणि दुरुस्ती स्टेबलमध्ये आल्यावर तो दिला जातो. तुमच्या कंपनीचे उत्पादन ज्या जुन्या आवृत्तीवर चालते तिथे पॅच जसाच्या तसा बसला नाही, तर मूळ कमिटची ओळख वर्णनात देऊन त्या आवृत्तीपुरता बॅकपोर्ट तयार करा आणि पायरी ७ मधील संपूर्ण चाचणी त्या आवृत्तीवर पुन्हा घ्या.